दोनशे केबीच्या आत

धाकटे जावई पहिल्यांदा सासऱ्यांच्या घरात शिरले, त्या दुपारी बैठकीच्या खोलीतला उजेड एकदम चाळीस वॉटनी वाढला, असं थोरले जावई शपथेवर सांगत. दारातून आत येताना म्हणे त्या माणसाला चौकटीखाली वाकावं लागलं. (पहिल्या वर्षी थोरले हा प्रसंग सांगायचे तेव्हा तो नुसती मान वाकवायचा, पाचव्या वर्षी तो कमरेत वाकू लागला, आता बाराव्या वर्षी तो जवळजवळ रांगतच आत येतो.) तो हसला तेव्हा खिडकीचे पडदे हलले. गुडघेदुखीमुळे दोन वर्षं कुणाचा हात धरल्याशिवाय न उठलेल्या सासूबाई टुणकन उभ्या राहिल्या आणि "पाणी मी आणते" म्हणाल्या. सोफ्याखालचं मांजर थोरल्यांना अकरा वर्षं फक्त नखांनी ओळखत होतं; ते बाहेर आलं आणि नव्या माणसाच्या पायावर डोकं टेकून झोपी गेलं. आणि सासरेबुवा! थोरल्यांच्या पहिल्या भेटीत त्यांनी वर्तमानपत्र नाकाखाली उतरवलं नव्हतं. आज त्यांनी ते घडी घालून चक्क दुसऱ्या खोलीत ठेवून दिलं.

खरं सांगायचं तर त्या दुपारी एक मध्यम उंचीचा, चष्मा लावलेला, सर्दी झालेला माणूस घरात आला, "नमस्कार" म्हणाला आणि त्याने नाक शिंकरलं. एवढंच घडलं. पण कोपऱ्यात गळ्यात कॅमेरा अडकवून उभ्या असलेल्या थोरल्यांच्या पोटात त्या क्षणी जे दुखू लागलं, ते नंतर कुठल्याच औषधाला बधलं नाही.

थोरले धंद्याने फोटोग्राफर. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. त्यामुळे पासपोर्टच्या फोटोला येणारी निम्मी माणसं गाल सुजलेली असत आणि उरलेली निम्मी खालून येणाऱ्या आवाजांनी दचकलेली. "हनुवटी खाली. कान दिसू देत. हसू नका." ही तीन वाक्यं थोरले दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणत. तिसरं वाक्य खरं म्हणजे वाया जाई. त्या जिन्यावरून वर आलेलं कुणी हसण्याच्या अवस्थेत नसे.

पण पासपोर्टचे फोटो पोटासाठी. मनातून थोरले कलावंत होते आणि कलेची त्यांची व्याख्या अगदी सोपी होती: फाइल जितकी जड, तितका फोटो थोर. "अठरा एमबी!" असं ते एखाद्या पैलवानाचं वजन सांगावं तसं सांगत. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "साहेब, छोटा करून फोनवर पाठवा ना," की थोरल्यांचा चेहरा, कुणी त्यांच्या मुलाला पाकिटात घालून पोस्टाने पाठवायला सांगितल्यासारखा व्हायचा. ते फोटो पाठवत. पण पाठवल्यावर हात धुऊन येत.

सासरेबुवांचं दिव्यांचं दुकान होतं. टेबलावरचे दिवे, भिंतीवरचे दिवे आणि मुख्य म्हणजे झुंबरं. छताला इतकी झुंबरं टांगलेली असत की उंच गिऱ्हाईक आत आलं की सासरेबुवा आधी "डोकं!" म्हणून ओरडत आणि मग "या, बसा" म्हणत. या दुकानात अकरा वर्षं थोरल्यांचा शब्द चालला. पाटीचा रंग कुठला? थोरल्यांना विचारा. खिडकीत कुठलं झुंबर टांगायचं? थोरल्यांना विचारा. "जावईबापू!" अशी हाक आली की घरात एकच मान वर होई, आणि ती मान वर करण्यात थोरल्यांना जे सुख मिळे, ते त्यांना अठरा एमबीतही मिळत नसे.

आता त्या हाकेला दोन माना वर होऊ लागल्या. आणि सासरेबुवा लगेच खुलासा करत, "तुम्ही नव्हे हो. धाकटे."

धाकटे वेबसाइट बनवण्याचं काम करत. माणूस मुळात गरीब, कामात वाघ आणि बोलायला मधाळ. थोरल्यांना ते "दादा" म्हणत. थोरले त्यांना ठरवून "तुम्ही" म्हणत. धाकट्या साडूला अरे-तुरे केलं तर जवळीक वाढते, आणि जवळीक वाढली की नीट जळता येत नाही. सासूबाईंचा फोन अडला, धाकटे. दुकानाचं बिलांचं मशीन रुसलं, धाकटे. एकदा तर स्वयंपाकघरातला नळ गळत होता तेव्हाही सासूबाई म्हणाल्या, "धाकट्यांना विचारून बघा." संगणकाच्या माणसाचा आणि नळाचा काय संबंध, असं थोरले बायकोला रस्ताभर विचारत होते. बायको शेवटी म्हणाली, "अहो, त्यांनी दुरुस्त केला ना पण?" केला होता. हेच तर दुःख होतं.

मग सासरेबुवांनी दुकानाची साइट करायचं मनावर घेतलं. फोटो थोरल्यांचे, बाकी सगळं धाकट्यांचं, असं ठरलं. थोरल्यांनी निवडक बारा झुंबरांचे फोटो काढले, एकेक अठरा एमबीचा, आणि पेनड्राइव्ह धाकट्यांच्या हातात ठेवताना म्हणाले, "यातला एक बिंदूसुद्धा कमी करायचा नाही."

"दादा, पान जड होईल हं."

"झुंबर जडच असतं."

धाकट्यांनी वाद घातला नाही. फोटो होते तसे चढवले आणि रविवारी दुपारी दुकानातल्या संगणकावर सासरेबुवांसमोर पान उघडलं. आधी वर दुकानाचं नाव आलं. त्याखाली पांढरं. मग त्या पांढऱ्यात छताचा एक पट्टा आला. बऱ्याच वेळाने साखळी आली. साखळीनंतर झुंबर येतंय असं वाटत असताना आणखी थोडी साखळी आली. सासरेबुवांनी चहा घेतला. कप विसळून आले. एक गिऱ्हाईक येऊन बल्ब घेऊन, घरी लावून, चुकीचा निघाला म्हणून बदलायला परत आलं, तेव्हा कुठे पहिल्या झुंबराचे वरचे लोलक खाली उतरत होते.

"जावईबापू, हे फोटो दिवा दाखवतायत की अंधार?" सासरेबुवांनी विचारलं. या वेळी कुठले जावईबापू ते सांगावं लागलं नाही.

धाकट्यांनी घरी जाऊन त्या बाराही फोटोंची रुंदी कापून बाराशे बिंदूंवर, म्हणजे बाराशे पिक्सेलवर, आणली, दाबून लहान केले आणि दुसऱ्या दिवशी पान पुन्हा उघडलं. बोट टेकवलं, आणि झुंबरं हजर! सासरेबुवांनी टाळी वाजवली. खरोखरची. थोरल्यांनी त्या हातांना याआधी टाळी वाजवताना फक्त डासांसाठी पाहिलं होतं.

"किती एमबी राहिला?" थोरल्यांनी विचारलं.

"एमबी कसला, दादा. एकशे नव्वद केबी."

अठरा एमबीचा पैलवान एकशे नव्वद केबीचा! थोरल्यांनी पडद्याला नाक लावून आपली झुंबरं पाहिली. ती ठीकच दिसत होती. फरक काही कळत नव्हता, आणि फरक कळत नव्हता याचाच त्यांना सर्वांत जास्त राग आला.

"पण हे जमलं कसं?" त्यांनी विचारलं.

आता धाकट्यांनी तिथे दोन मिनिटं बसून नीट सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं, सासरेबुवा पाठ थोपटत होते, आणि दादांना उगाच आकड्यांत कशाला गुंतवा, असं त्यांच्या मनात आलं. ते प्रेमाने म्हणाले, "तुम्ही नका डोकं शिणवू, दादा. एवढंच लक्षात ठेवा. फोटो दोनशे केबीच्या आत. बस्स."

प्रेमाने म्हणाले, हे मी म्हणतो. थोरल्यांच्या कानावर फक्त "एवढंच" पडलं. घरी जाईपर्यंत ते "एवढंच" त्यांच्या अंगात तापासारखं चढत गेलं.

"एवढंच लक्षात ठेवा! मी काय पहिलीत आहे?"

"तुमच्या लक्षात राहत नाही, हे खरंच आहे," बायको म्हणाली. "परवा छत्री कुठे विसरलात?"

याच सुमाराला गावात नवं हॉटेल उभं राहत होतं आणि तिथल्या खरेदीच्या बाई झुंबरं बघायला येणार असल्याचा निरोप आला. सासरेबुवांनी दोन्ही जावयांना दुकानात बोलावलं. गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसून त्यांनी निवाडा जाहीर केला.

"दोघांच्या हातात साइट राहिली की एक ओढतो इकडे, दुसरा ओढतो तिकडे. पुढच्या मंगळवारी बाई येणार. तोवर पानावर चाळीस झुंबरं हवीत. वीस-वीस वाटून घ्या, नाहीतर कुणी एकाने चाळीस करा, मला काही देणंघेणं नाही. त्या दिवशी ज्याचं काम मला बरं वाटेल, त्याच्याकडे कायमचं सगळं. पानाच्या तळाला नावही त्याचंच. आणि पुढे मी त्यालाच विचारणार."

"पुढे मी त्यालाच विचारणार." थोरल्यांना हॉटेल नको होतं, साइट नको होती. हे वाक्य हवं होतं.

धाकटे मोकळेपणाने म्हणाले, "दादांनाच करू द्या सगळे. फोटो त्यांचेच चांगले येतात." याला मोठेपणा म्हणतात, आणि थोरल्यांना साडूच्या बाकी कशाहीपेक्षा त्याच्या मोठेपणाचाच जास्त त्रास व्हायचा.

"करतोच," ते म्हणाले. "दोनशे केबीच्या आत."

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओत युद्ध सुरू झालं. अर्ध्या शटरवर "दोन तासांनी येणे" अशी पाटी लटकली. दुकानातून झुंबरं टेंपोने आली आणि दवाखान्याच्या जिन्यावरून एकेक वर चढू लागली. दात धरून बाकावर बसलेले लोक क्षणभर दुखणं विसरून त्या लखलखत्या मिरवणुकीकडे बघत राहिले. बायको खालून झुंबर धरी, थोरले वरून हूक लावत.

"अहो, हळू. कानाला लोलक लागला."

"शोभतोय. राहू दे."

"बहिणीच्या नवऱ्याशी स्पर्धा करायला मीच बरी सापडते हमालीला!"

"स्पर्धा कसली? कला आहे ही."

बाराशे रुंदी वगैरे थोरल्यांना ठाऊकच नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. बिंदू कापणं म्हणजे त्यांच्या लेखी नाक कापण्यासारखंच होतं. त्यांच्या कॅमेऱ्यातून फोटो निघे तो सहा हजार बिंदू रुंद आणि चार हजार बिंदू उंच; तो तेवढाच राहणार आणि तरीही दोनशे केबीत बसणार, असा त्यांनी पण केला. पूर्ण अंगाचा पैलवान आणि वजन मात्र धाकट्यांच्या पोरसवद्या फोटोपेक्षा कमी! याहून मोठा विजय कोणता?

आणि इथे थोरल्यांची खरी हुशारी दिसली, हे मान्य करायला हवं. दोन दिवस फाइली दाबून दाबून त्यांच्या लक्षात आलं की वजन खातात ते लोलक. जिथे बारीक चमचम आहे, प्रत्येक बिंदू शेजाऱ्यापेक्षा वेगळा आहे, तिथे फाइल फुगते. जिथे नुसता एक रंग पसरलेला आहे, तिथे तिला सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ती बारीक होते. झालं! थोरल्यांनी पेटीतून काळा मखमली पडदा काढला. पंख्याच्या हुकाला टांगलेल्या झुंबराच्या मागे तो सोडला, उजेड फक्त एका बाजूने, तोही आरशावरून फिरवून लोलकांच्या कडांवर धरला. काळ्याकुट्ट पोकळीत एकेक झुंबर असं उजळून उठलं की खालून झुंबर धरणारी बायकोसुद्धा मागे सरून दोन मिनिटं बघत उभी राहिली.

"किती?" तिने मग विचारलं.

"नऊशे केबी."

कमी जागेत मावणारी नवीन जातीची फाइल, जास्त दाब, आणखी काळा पडदा. बुधवारी सहाशे. गुरुवारी चारशे. जेवताना आकडा जाहीर होई. शनिवारी दोनशे चाळीस. रविवारी दुपारी थोरले जिन्यावरून धावत घरी आले, ते थेट स्वयंपाकघरात.

"एकशे सत्तर! त्याच्यापेक्षा वीसने खाली! आणि रुंदी पूर्ण सहा हजार!"

बायकोने त्यांच्या शर्टाच्या ताणलेल्या बटनांकडे पाहिलं. "एवढ्या सात दिवसांत स्वतःचं उतरवलं असतं तर डॉक्टर खूश झाले असते."

मग मंगळवारच्या आदल्या दुपारी थोरल्यांनी सासरेबुवांकडून साइटचा पासवर्ड मागून घेतला आणि चाळीसही फोटो स्वतः चढवले. धाकट्यांनी फोन करून विचारलं, "दादा, चढवण्याआधी मला एकदा दाखवता का?" थोरले म्हणाले, "दोनशे केबीच्या आतच आहेत. एवढंच ना?" ते "एवढंच" त्यांनी इतक्या चवीने परत केलं की फोन ठेवल्यावरही त्यांच्या जिभेवर ते रेंगाळत राहिलं.

तपासून पाहायचं राहिलं असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांनी स्टुडिओतल्या संगणकावर पान चार वेळा उघडलं. चारही वेळा झुंबरं क्षणात हजर. तो संगणक त्यांनी खास मोठमोठे फोटो हाताळण्यासाठी बनवून घेतला होता. त्याची मेमरी एवढी अवाढव्य की त्यात दुकान, दवाखाना आणि सासूबाई तिघंही आरामात राहिले असते. पण त्याचं आणि बाकीच्या जगाचं काही वेगळं असेल, हे थोरल्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

मंगळवारी हॉटेलच्या बाई आल्या. सासरेबुवा "डोकं!" म्हणाले, बाई वाकल्या, बसल्या. दोन्ही जावई दोन बाजूंना उभे. सासूबाईही मुद्दाम दुकानात आल्या होत्या.

"मला घाई आहे, भरभर बघायचंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचाच फोन काढला. तीन-चार वर्षांचा, कोपरा तडकलेला, साधा फोन. सासरेबुवांनी पत्ता सांगितला. बाईंनी बोट टेकवलं.

पान उघडलं! आणि काय उघडलं! काळ्या मखमलीवर पहिलं झुंबर लखकन चमकलं. ना पट्टे, ना साखळी, ना वाट बघणं.

"अरे वा!" बाई म्हणाल्या. "केवढं पटकन! आणि फोटो काय सुरेख आहेत. कुणी काढले?"

सासरेबुवांनी हात थोरल्यांच्या दिशेने पसरला. "आमचे थोरले जावई. सगळं यांचंच काम."

ते चार सेकंद थोरले बारा वर्षं उपाशी असलेल्या माणसासारखे जेवले. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून धाकट्यांकडे पाहिलं. धाकटेसुद्धा आ वासून फोनकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर थोरल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट पाहिली जी ते स्वतः रोज दाढी करताना आरशात पाहत असत. हेवा. स्वच्छ, निर्भेळ हेवा!

बाईंचं बोट सरकलं. दुसरं झुंबर, तिसरं, चौथं. पाचवं जरा अडखळत आलं. सहावं अर्धंच आलं. सातव्याला बोट सरकलं, पान सरकेना. बाईंनी पुन्हा बोट फिरवलं. मग जोरात फिरवलं. पडदा पांढरा झाला, आणि पुढच्या क्षणी झुंबरांच्या जागी बाईंच्या नातवाचा दात नसलेला हसरा फोटो आला. पान आपोआप बंद पडून फोन मुक्कामावर परतला होता.

"हे काय?"

"रेंज गेली असेल," थोरले म्हणाले.

पुन्हा उघडलं. पुन्हा क्षणात पहिलं झुंबर. पुन्हा सातव्याला नातू. तिसऱ्यांदा सहाव्यालाच नातू. सासरेबुवांनी आपला टॅब्लेट पुढे केला. तो नवव्या झुंबरापर्यंत गेला आणि मग इतका थिजला की बंद करायचं बटनही ऐकेना. सासूबाईंनी त्यावर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. "अगंबाई, तापलाय की हा!"

"तुमची झुंबरं माझा फोन बंद पाडतात," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, नोंद करावी तसं.

धाकट्यांनी टॅब्लेट घेतला, कसाबसा पुन्हा सुरू केला, एका फोटोवर बोट दाबून माहिती वाचली आणि हळूच विचारलं, "दादा, हे फोटो सहा हजार रुंद ठेवलेत?"

"पूर्ण ठेवलेत," थोरले छाती काढून म्हणाले. "आणि वजन एकशे सत्तर. तुमच्यापेक्षा वीसने कमी. मोजून बघा."

"वजन बरोबर आहे, दादा. म्हणून तर पटकन येतायत." धाकट्यांनी डोकं खाजवलं. "पण ते वजन फक्त वाटेवरचं. कापसाची गादी आपण गुंडाळून, दोरीने करकचून आवळून नेतो ना? दारातून पटकन आत जाते. पण झोपायचं म्हटलं की दोरी सोडावीच लागते. मग ती पूर्ण पसरते, खोलीत तेवढी जागा खाते. किती घट्ट बांधली होती याच्याशी खोलीचं काही देणंघेणं नाही. फोटोचंही तसंच. फोनला तो दाखवायचा तर दोरी सोडून प्रत्येक बिंदू मेमरीत मांडावा लागतो. काळा बिंदू असो की चमचमणारा, प्रत्येकाला सारखीच जागा, चार बाइट. सहा हजार गुणिले चार हजार म्हणजे दोन कोटी चाळीस लाख बिंदू. एकेक झुंबर दोरी सोडली की शहाण्णव एमबी."

"चाळीस आहेत," सासरेबुवा म्हणाले.

"हो. चाळीस गाद्या. आणि फोन म्हणजे एवढीशी खोली. सातव्या गादीला भिंतच फुटते." धाकटे बाईंकडे वळले. "पंधरा मिनिटं द्या. रुंदी बाराशेवर आणतो, एकेक फोटो चार एमबीच्या आत पसरेल. फोटो हेच ठेवतो. असे फोटो मला जन्मात जमणार नाहीत." आणि मग, गप्प बसायला हरकत नव्हती, तरी ते सासरेबुवांना म्हणाले, "चूक माझी आहे. मी दादांना फक्त केबी सांगितले. रुंदीचं बोललोच नाही."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "किती समंजस!"

ते ऐकलं आणि थोरल्यांचा बांध फुटला. या माणसाने उजेड नेला, मांजर नेलं, हाक नेली, नळसुद्धा नेला. आता झालेली चूक तरी आपली होती, अख्खी, स्वतःच्या घामाची, सहा हजार रुंदीची. तीही याने उचलून खिशात घातली!

"तुमची कशी?" ते गरजले. "चूक माझी आहे!"

"नाही दादा, मी सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असं वाटतं तुम्हाला? मी ऐकलं नसतं! रुंदी मी ठेवली, चढवले मी, तुम्हाला दाखवले नाहीत मी! यात तुम्ही कुठे आलात?"

"पण 'एवढंच' म्हणालो ना मी! तेच चुकलं."

"'एवढंच'ची चूक तुमची. बाकी सगळी माझी!"

"निम्मी तरी माझी धरा, दादा."

"एक टक्का देणार नाही!"

सासरेबुवा स्टुलावरून "अहो जावईबापू, अहो जावईबापू" म्हणत राहिले. दोघांपैकी एकाचीही मान वर झाली नाही. थोरल्यांनी सातही दिवसांचा हिशेब वार लावून मांडला, सोमवारच्या हुकापासून रविवारच्या एकशे सत्तरपर्यंत, आणि प्रत्येक टप्प्यावर चूक आपलीच कशी होती हे सिद्ध केलं. धाकटे प्रत्येक टप्प्यावर, आपण तेव्हा फोन का केला नाही, याचा पश्चात्ताप करत राहिले. दुरुस्तीला लागणारी पंधरा मिनिटं यात सहज गेली. वर आणखी दहा गेली. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. "छापलेलं काही आहे का बघायला?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. छापलेलं काही नव्हतं. मग त्या वाकून, झुंबरं चुकवत, आल्या तशा निघून गेल्या.

रिक्षात बायकोने पदर सावरला. मग म्हणाली, "चुकीवरून भांडणारी माणसं खूप पाहिली. चूक मलाच हवी म्हणून भांडणारे तुम्ही पहिले."

"त्याला सगळंच कसं मिळू द्यायचं?" थोरले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटे स्टुडिओचा जिना चढून आले. पासपोर्टचा फोटो हवा म्हणाले. पासपोर्ट संपायला त्यांना अजून सहा वर्षं होती, पण थोरल्यांनी विचारलं नाही. स्टुलावर बसवलं.

"हनुवटी खाली. कान दिसू देत."

"दादा, एक सांगू? त्या बाई 'कुणी काढले' म्हणाल्या ना, तेव्हा मला कसंतरीच झालं. मला सगळे बोलावतात ते काहीतरी बिघडलं की. फोन बिघडला, नळ बिघडला. तुमचं काम बघून माणूस गप्प होतो. मला जळायला झालं तुमच्यावर. वाईट वाटलं माझं मलाच."

थोरले कॅमेऱ्यामागे फोकसची कडी फिरवत राहिले. खालून दवाखान्यातून कुणीतरी "आई गं" म्हणालं. माणूस जळला फक्त चार सेकंद, आणि लगेच येऊन सांगून मोकळाही झाला! आपण बारा वर्षं जळतोय आणि बायकोशिवाय कुणाजवळ धड बोलता आलेलं नाही. जळणंसुद्धा या माणसाला आपल्यापेक्षा चांगलं जमतं!

"हसू नका," थोरले म्हणाले, आणि त्यांनी बटन दाबलं.

हॉटेलची झुंबरं दुसऱ्या दुकानातून गेली. सासरेबुवांनी महिन्याभरात साइट एका बाहेरच्या कंपनीकडे सोपवली. तिच्यावर आता कारखान्याकडून आलेले फोटो आहेत, आणि पानाच्या तळाला कुणाचंच नाव नाही.